जुनं वैर महायुद्धापर्यंत कसं जातं? १९१४च्या युद्धाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक लहानशी पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती परतली नाहीत, एवढे दोनच आकडे तिच्यावर आहेत. रत्नागिरी, सातारा भागातल्या कितीतरी गावांत अशा पाट्या सापडतात. लहानपणी लपाछपी खेळताना आम्ही त्या पाटीवर डोकं टेकून आकडे मोजायचो. पुढे मी इतिहास शिकवायला लागलो आणि मुलं, त्यांचे पालक, कधी एखादे निवृत्त सुभेदारसाहेब तेच प्रश्न विचारू लागले. सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असायचा: भांडण युरोपातल्या राजांचं, मग त्यात आमचा पणजोबा कसा गेला? त्याचं उत्तर द्यायला जरा लांबून सुरुवात करावी लागते.

सारायेवोत राजपुत्राचा खून झाला आणि त्यामुळे महायुद्ध पेटलं. शाळेत शिकलेलं हे कारण बरोबर आहे का?

खून झाला, हे खरं. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातल्या सारायेवो शहरात गाव्हरिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. पण थोडं मागे जाऊन पाहा. १८९८ साली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचा जिनिव्हात खून झाला होता, आणि मारणारा इटालियन होता. म्हणजे सम्राट फ्रान्झ जोसेफची स्वतःची बायको परदेशात एका परदेशी माणसाच्या हातून मारली गेली. तरी ऑस्ट्रियाने ना इटलीवर सैन्य पाठवलं, ना स्वित्झर्लंडवर. १८९४मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो आणि १९००मध्ये इटलीचा राजा उंबेर्तो यांच्याही हत्या झाल्या. युद्ध एकदाही झालं नाही.

मग १९१४लाच का झालं? या वेळी मारेकऱ्यामागे सर्बिया दिसत होता, आणि सर्बियाशी ऑस्ट्रियाचं आधीपासून वैर होतं. वैर नसेल तर अशी घटना गुन्हा म्हणून पोलिसांकडे जाते. वैर असेल तर तीच घटना जुन्या संशयाचा पुरावा ठरते. युद्धाचं कारण शोधायचं तर २८ जूनच्या आधीची चाळीस वर्षं चाळावी लागतात.

देशादेशांत भांडणं होतच असतात. मग 'वैर' कशाला म्हणायचं?

बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं आठवा. सुरुवात हातभर जमिनीवरून होते. दहा वर्षांनी त्या जमिनीची किंमत कुणाच्या लक्षातही नसते, पण समोरच्याने विहीर खणली तरी ती आपलं पाणी तोडायला, आणि लग्नात बोलावलं तरी ते अपमान करायला, असं वाटायला लागतं. देशांचंही तसंच होतं. भांडण एखाद्या गोष्टीसाठी असतं, वैर मात्र थेट समोरच्याशी असतं. ते जडलं की समोरच्याच्या प्रत्येक हालचालीमागे डाव दिसतो आणि त्याचा फायदा म्हणजे आपलं नुकसान, असाच हिशोब मांडला जातो.

गेल्या दोनशे वर्षांतल्या युद्धांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट ठळकपणे दिसली आहे. जगात देशांच्या हजारो जोड्या आहेत, पण त्यांतल्या मोजक्याच पुन्हा पुन्हा एकमेकींना भिडतात, आणि युद्धांचा फार मोठा वाटा या मोजक्या जोड्यांच्या नावावर आहे.

फ्रान्स आणि जर्मनीचं वैर कुठे सुरू झालं?

मुळं फार खोल आहेत, पण १९१४ समजायला १८७० पुरेसं आहे. त्या वर्षी प्रशिया हे सर्वांत मोठं जर्मन राज्य आणि इतर जर्मन राज्यांनी मिळून फ्रान्सचा दणदणीत पराभव केला. सेदानच्या लढाईत खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला. १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तीही बर्लिनमध्ये नव्हे, तर फ्रेंच राजांच्या व्हर्सायच्या महालात, आरसेमहालात. पाठोपाठ झालेल्या फ्रँकफर्टच्या तहाने फ्रान्सचा आल्सास प्रांत आणि लोरेनचा काही भाग गेला, आणि वर पाच अब्ज फ्रँकची खंडणी बसली.

खंडणी फ्रान्सने १८७३पर्यंत फेडून टाकली. पैशाचं दुःख लवकर विसरलं जातं. प्रांतांचं विसरलं गेलं नाही. पॅरिसच्या प्लास द ला कॉन्कॉर्द चौकात फ्रान्सच्या मोठ्या शहरांचे पुतळे आहेत. त्यांतला एक स्ट्रासबुर्गचा, म्हणजे गेलेल्या आल्सासच्या राजधानीचा. त्या पुतळ्यावर काळं वस्त्र आणि फुलांची चक्रं चढू लागली. जवळजवळ पन्नास वर्षं, भर चौकात, घरातलं माणूस गेल्यासारखा शोक. शाळेला जाणारी दोन पिढ्यांची मुलं त्या पुतळ्यावरून गेली. वैर पुढच्या पिढीच्या हाती कसं जातं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणजे फ्रान्स चाळीस वर्षं सूड घ्यायच्या तयारीत होता?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरला आहे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा पीळ उरला होता. पण प्रांत परत मिळवण्यासाठी आपण होऊन युद्ध पुकारावं, असं म्हणणारे १९१४पर्यंत फार थोडे राहिले होते. त्या जुलैत पॅरिसची वर्तमानपत्रं भरली होती ती एका खटल्याने. माजी पंतप्रधान कायो यांच्या पत्नीने 'फिगारो'च्या संपादकाला त्याच्या कचेरीत जाऊन गोळ्या घातल्या होत्या. तिची निर्दोष सुटका झाली २८ जुलैला. ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं तेही त्याच दिवशी.

वैरामुळे फ्रान्सने युद्ध सुरू केलं नाही. वैरामुळे झालं ते असं की, जर्मनीशी ज्याचं वाकडं होईल तो आपोआप फ्रान्सचा मित्र ठरू लागला.

बिस्मार्कला हे कळत नव्हतं का?

बिस्मार्क म्हणजे नव्या जर्मन साम्राज्याचा पहिला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान. त्यालाच ते सगळ्यात नीट कळत होतं. फ्रान्स गप्प बसणार नाही हे धरून त्याने वीस वर्षं एकच पथ्य पाळलं: फ्रान्सला मित्र मिळू द्यायचा नाही. १८७९मध्ये ऑस्ट्रियाशी करार, १८८२मध्ये त्यात इटली, आणि १८८७मध्ये रशियाशी वेगळा गुप्त करार. ऑस्ट्रिया आणि रशियाचं बाल्कनमध्ये, म्हणजे युरोपच्या आग्नेय टोकाला, पटत नव्हतं, तरी दोघांनाही हाताशी धरायची कसरत त्याने केली.

१८९०मध्ये तरुण कैसर म्हणजे जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने बिस्मार्कला घरी बसवलं आणि रशियाबरोबरचा करार संपला तो पुन्हा केलाच नाही. पुढच्याच वर्षी फ्रेंच आरमार रशियाच्या क्रोनश्टाट बंदरात पाहुणं म्हणून गेलं. क्रांतीतून जन्मलेलं फ्रान्सचं राष्ट्रगीत रशियात गायला बंदी होती. ते गीत तिथे वाजलं आणि झार तिसरा अलेक्झांडर टोपी काढून उभा राहिला. १८९४पर्यंत दोन्ही देशांचा लष्करी करार पक्का झाला. फ्रेंच कर्जाचा पैसा रशियात वाहू लागला, त्यातून लोहमार्ग उभे राहिले, आणि त्या मार्गांवरून रशियन सैन्य जर्मनीच्या सीमेवर किती दिवसांत पोहोचेल, याचे हिशोब दोन्हीकडे सुरू झाले.

इथून खरा धोका सुरू होतो. दोन देशांचं वैर त्या दोघांपुरतं राहिलं, तर होणारं युद्धही बहुधा दोघांपुरतंच राहतं. पण एका वैराची दुसऱ्या वैराशी गाठ मारली, की एकाचं ओढलं जाताना दुसऱ्याचंही ओढलं जातं. १९१४ला मोठं केलं ते या गाठींनी.

ब्रिटन आणि जर्मनीचं तर जुनं वैर नव्हतं. ते कसं तयार झालं?

ते जहाजांवरून तयार झालं, आणि पाहता पाहता झालं. ब्रिटन हे बेट. धान्य बाहेरून, कच्चा माल बाहेरून, साम्राज्य समुद्रापलीकडे. त्याच्यासाठी आरमार म्हणजे घराचं दार. जर्मनीकडे युरोपातलं सर्वांत बलाढ्य भूदल आधीच होतं. अशात १८९८ आणि १९००मध्ये आरमारखात्याचा प्रमुख टिर्पिट्झ याच्या आग्रहावरून जर्मनीने दोन कायदे केले आणि ३८ मोठ्या युद्धनौकांचं लक्ष्य ठेवलं. टिर्पिट्झचा होरा असा की, ब्रिटनला धाक वाटेल इतकं आरमार झालं की ब्रिटन सांभाळून वागेल.

ब्रिटन सांभाळून वागला नाही. त्याने १९०६मध्ये 'ड्रेडनॉट' पाण्यात उतरवली. सुमारे १८ हजार टनांची, १२ इंची दहा तोफांची, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही नौका इतकी पुढची होती की, तिच्यापुढे जगातल्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या, ब्रिटनच्या स्वतःच्याही. मग जर्मनीनेही तशाच बांधायला घेतल्या. १९०९मध्ये ब्रिटनच्या सरकारने चार बांधायचं ठरवलं, तर लोक आठ हव्यात म्हणून रस्त्यावर आले, आणि आठच बांधल्या गेल्या.

या स्पर्धेमुळेच ब्रिटनने आपली जुनी वैरं आवरती घेतली. १९०४मध्ये फ्रान्सशी समझोता, १९०७मध्ये रशियाशी. बर्लिनमधून हे आपल्याला घेरण्याचं कारस्थान दिसलं. खरं तर घेराचा बराचसा दोर जर्मनीच्याच आरमाराने वळला होता.

म्हणजे शस्त्रस्पर्धेमुळे युद्ध होतं, असं म्हणता येईल?

सरळ म्हणता येणार नाही. १९१२ नंतर आरमाराची शर्यत ओसरली होती, कारण जर्मनीला पैसा पुन्हा भूदलाकडे वळवावा लागला. जून १९१४च्या अखेरीस कील बंदरातल्या नौकाशर्यतींना ब्रिटिश आरमाराच्या जहाजांची तुकडी पाहुणी म्हणून आली होती. दोन्हीकडचे खलाशी एकमेकांच्या जहाजांवर जेवत होते. सारायेवोची बातमी कैसरला मिळाली ती याच उत्सवात.

शस्त्रस्पर्धा वेगळ्या तऱ्हेने घातक ठरते. ती सेनापतींच्या मनात घड्याळ लावते. १९१३-१४मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि रशिया तिघांनीही सैन्य वाढवायचे कायदे केले. रशियाचा कार्यक्रम १९१७च्या सुमारास पुरा होणार होता. जर्मन सेनाप्रमुख मोल्टके १९१२च्या डिसेंबरातच कैसरसमोर म्हणाला होता की, युद्ध टळणार नसेल तर जितक्या लवकर होईल तितकं बरं. 'आज जिंकू शकतो, तीन वर्षांनी नाही' असं ज्याला वाटतं, त्याच्या हातात आलेलं संकट त्याला संधीसारखं दिसतं.

ऑस्ट्रिया आणि सर्बियात काय होतं?

ऑस्ट्रिया-हंगेरी अनेक भाषांचं, अनेक लोकांचं जुनं साम्राज्य होतं, आणि त्यात लाखो सर्ब आणि क्रोएट राहत होते. शेजारचा लहानसा सर्बिया १९०३च्या सत्तापालटानंतर रशियाकडे झुकला आणि सगळ्या दक्षिण स्लाव लोकांना, म्हणजे सर्ब, क्रोएट वगैरेंना, एकत्र आणायची भाषा बोलू लागला. ऑस्ट्रियाने १९०६मध्ये सर्बियाच्या डुकरांवर आणि इतर मालावर सीमा बंद केली. सर्बिया नमला नाही, त्याने दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या. १९०८मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला. १९१२-१३च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला.

ऑस्ट्रियाच्या राजधानीला, व्हिएन्नाला, सर्बिया म्हणजे घराला लागलेली वाळवी वाटत होती. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कोनराड तर वर्षानुवर्षं सर्बियावर चालून जायचा सल्ला देत होता, आणि तो दर वेळी बाजूला ठेवला जात होता. त्याला सर्वांत खंबीर विरोध करणारा माणूस होता स्वतः फ्रान्झ फर्डिनांड. गोळी त्यालाच लागली.

आधीची संकटं तर टळली होती. मग १९१४चं का नाही टळलं?

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच, आणि माझ्या मते वैराचं सगळं रहस्य यात आहे. टळलेली संकटं पाहा. १९०५ आणि १९११मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स समोरासमोर आले. १९०८-०९मध्ये बोस्नियावरून रशिया आणि ऑस्ट्रिया. १९१२-१३मध्ये बाल्कनवरून पुन्हा तेच. दर वेळी मुत्सद्दी धावले, परिषदा भरल्या, शेवटच्या घटकेला कुणीतरी माघार घेतली. वरून पाहणाऱ्याला वाटावं, व्यवस्था काम करते आहे.

पण माघार कशी घेतली जाते, हे महत्त्वाचं असतं. मार्च १९०९मध्ये जर्मनीने रशियाला जवळजवळ दटावूनच बोस्नियाचा प्रश्न मिटवला. रशिया तेव्हा जपानकडून हरलेला, क्रांतीने खिळखिळा झालेला. त्याने मान खाली घातली आणि मनात गाठ बांधली की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. १९११मध्ये जर्मनीने मोरोक्कोत 'पँथर' ही तोफनौका पाठवली, तेव्हा ब्रिटन फ्रान्सच्या बाजूने उभा राहिला आणि जर्मनीला थोडक्यावर समाधान मानावं लागलं. बर्लिननेही तीच गाठ बांधली. ऑक्टोबर १९१३मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियाला अल्बानियातून निघून जायचा निर्वाणीचा इशारा दिला आणि सर्बिया निघून गेला. व्हिएन्नाने यातून शिकवण घेतली की, दटावलं की हे ऐकतात.

आता हे सगळे धडे एकत्र मांडा. ऑस्ट्रिया शिकला की धमकी चालते. रशिया शिकला की आता धमकीपुढे झुकायचं नाही. जर्मनी शिकला की मित्राला सोडलं तर आपण एकटे पडू. प्रत्येकाने जुन्या अनुभवातूनच धडा घेतला होता, आणि ते धडे एकमेकांच्या थेट उलट होते. माघार घेण्याची ताकद प्रत्येक वेळी थोडी खर्च होत गेली होती. १९१४च्या जुलैत ती कुणाकडेच उरली नव्हती.

जुलै १९१४मध्ये नेमकं हातातून कधी निसटलं?

एक क्षण दाखवता येत नाही, पण काही खोल्यांत डोकावता येतं.

५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला कळवलं की, काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा खलिता दिला. ती वेळही मुद्दाम निवडलेली होती. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोआंकारे रशियाच्या भेटीवर होते, आणि ते जहाजावर बसून निघाल्यावरच खलिता पोहोचावा अशी योजना होती. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना चौकशीत भाग घेऊ देण्याची मात्र नाकारली. २८ तारखेला सकाळी कैसरने ते उत्तर वाचलं आणि आता युद्धाचं कारण उरलं नाही असं लिहिलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

२९ तारखेची रात्र, सेंट पीटर्सबर्ग. संपूर्ण सैन्य जमा करण्याच्या हुकमावर झारची सही झाली आहे आणि तारऑफिसात संदेश देशभर पाठवायची तयारी चालू आहे. इतक्यात झारचा निरोप येतो: थांबवा. आपल्या नात्यातल्या कैसरची तार आली म्हणून झार निकोलस अडला होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह त्याच्याकडे गेले आणि बराच वेळ समजावत राहिले. शेवटी झारने पुन्हा होकार दिला. सेनाप्रमुख यानुश्केविचने आधीच सांगून ठेवलं होतं की, या वेळी हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोनच फोडून टाकीन, म्हणजे पुन्हा कुणी रद्द करायला नको. साझोनोव्हने खालच्या मजल्यावरून फोन लावून त्याला कळवलं, आता फोडा टेलिफोन.

१ ऑगस्ट, बर्लिन. लंडनहून चुकीचा अर्थ लागलेली एक तार येते की, ब्रिटन कदाचित फ्रान्सला तटस्थ ठेवील. कैसर आनंदाने मोल्टकेला म्हणतो, मग सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टके म्हणतो, अशक्य. लाखोंच्या सैन्याची हालचाल आयत्या वेळी बदलता येत नाही. ते काही अंशी खरंच होतं, कारण फक्त रशियाविरुद्धची वेगळी योजना जर्मनीने १९१३मध्ये बंद केली होती. जी एकच योजना उरली, तिच्यात आधी बेल्जियममधून फ्रान्सवर जायचं होतं. म्हणजे वाद सर्बियाचा, भीती रशियाची, आणि पहिला घाव पडणार बेल्जियमवर. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने १८३९पासून दिली होती. ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरला.

राजे नात्यातले होते, व्यापारही मोठा होता. त्याचा काहीच उपयोग झाला नाही?

नात्याचा उपयोग एका रात्रीपुरता झाला, तो वर सांगितलाच. ब्रिटनचा पाचवा जॉर्ज आणि कैसर दोघेही व्हिक्टोरिया राणीचे नातू होते, आणि झारची बायको तिची नात. व्यापारही दोन्हीकडे भरभराटीला आलेला होता. पण व्यापाऱ्यांना जुलैच्या त्या बैठकांत कुणी बोलावलं नव्हतं.

मग दोष कोणाचा?

१९१९च्या व्हर्सायच्या तहाने तो जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकला, आणि इतिहासकार आजही वाद घालतात. मला विचाराल तर पहिली जबाबदारी व्हिएन्ना आणि बर्लिनची. एकाने लहान युद्ध हवं म्हणून मोठ्याची जोखीम पत्करली आणि दुसऱ्याने डोळे मिटून पाठिंबा दिला. पण रशियाची घाई आणि प्रिन्सिपच्या मागे असलेल्या, राजधानी बेलग्रेडमधल्या गुप्त टोळीला मोकळं सोडणारं सर्बियन सरकार यांनाही मी निर्दोष म्हणणार नाही. तो तह सही झाला २८ जून १९१९ला, सारायेवोच्या बरोबर पाच वर्षांनी, आणि जागा होती व्हर्सायचा तोच आरसेमहाल. १८७१चा अपमान तिथेच फेडून घेतला गेला, आणि वीस वर्षांनी पुन्हा युद्ध आलं.

प्रत्येक जुन्या वैराचा शेवट युद्धातच होतो का?

अजिबात नाही. १८९८मध्ये नाईलकाठच्या फशोदा या ठाण्यावरून ब्रिटन आणि फ्रान्स युद्धाच्या काठावर होते. फ्रान्सने विचार केला की जर्मनीशी वैर असताना ब्रिटनशीही वैर परवडणारं नाही, आणि माघार घेतली. सहा वर्षांत इजिप्त तुमचा, मोरोक्को आमचा, अशी देवाणघेवाण होऊन दोघे मित्र झाले. वाढत्या अमेरिकेशी भिडायचं नाही, हेही ब्रिटनने त्याच काळात ठरवून टाकलं.

१९६२चं क्यूबाचं संकट मी मुलांना नेहमी १९१४च्या शेजारी ठेवून शिकवतो. तेव्हाही सेनापती घाई करत होते. अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत रशियाचे ख्रुश्चेव्ह दोघांनी वेळ काढला, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला मान राखून मागे फिरता येईल अशी वाट ठेवली. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबातून गेली, आणि तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रंही नंतर गुपचूप निघाली. त्या दिवसांत वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीचे संदेश न्यायला तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून येत असे. पुढच्याच वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संदेशाची तार टाकली गेली. १९१४मध्ये टेलिफोन फोडायची भाषा झाली होती, इथे नवी तार जोडली गेली.

फ्रान्स आणि जर्मनीचं वैर शेवटी मिटलं कसं?

तीन युद्धांनंतर. १९५०मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमन यांनी मांडलं की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक संस्थेच्या ताब्यात द्यावं. तोफा ज्यातून बनतात तेच सामायिक झालं, तर चोरून तयारी करताच येणार नाही. १९५१मध्ये सहा देशांनी तसा करार केला. शुमन स्वतः लोरेनच्या घराण्यातले, जन्माने जर्मन प्रजाजन आणि पुढे फ्रेंच मंत्री. सीमेवरच्या माणसाला ते सुचावं, याचं मला नवल वाटत नाही.

यात महाराष्ट्रातली माणसं कशी ओढली गेली?

आरमाराच्या त्याच शर्यतीतून. वेग वाढवण्यासाठी ब्रिटिश नौका कोळशावरून तेलाकडे वळू लागल्या. तेल होतं इराणमध्ये, त्याचा शुद्धीकरण कारखाना आखाताच्या टोकाशी आबादानला, आणि ब्रिटिश सरकारने १९१४मध्ये तिथल्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक समभाग घेतले. त्या वर्षीच्या शरदात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं. आबादान आणि बसरा सांभाळायला जवळचं सैन्य कुठलं? हिंदुस्थानातलं. मुंबई बंदरातून जहाजं निघाली आणि नोव्हेंबर १९१४मध्ये सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली.

तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादकडे गेलेलं हे सैन्य मागे रेटलं जाऊन डिसेंबर १९१५मध्ये टायग्रिसच्या वळणावरल्या कूट गावात अडकलं. जवळजवळ पाच महिने वेढा. शिधा संपत आला तेव्हा घोडे मारले गेले, आणि बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. परवानगी आहे असे धर्मगुरूंचे निरोप मागवावे लागले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांचं सैन्य शरण गेलं. कैदेच्या वाळवंटी वाटचालीत कित्येक जण गेले.

संपूर्ण युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. आल्सास कुठे आहे, सारायेवो कुठे आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना कुणी सांगितलंही नसेल.

गावातल्या पाटीवर नावं नाहीत. आमच्या पणजोबांचं नाव कुठे सापडेल?

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर शोधायला जाल तर तिथेही आकडाच भेटेल. ते उभारलं तेव्हा अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या. नावं नोंदवह्यांत राहिली. त्या आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नुसत्या नावाने शोधू नका, शेकडो सारखी नावं येतात. आधी पलटणीचा क्रमांक आणि मृत्यूचं वर्ष घाला. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. गावाचं नाव कुणा कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं असतं, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहा. आडनाव बहुतेक वेळा सापडणार नाही. शिपाई आपलं आणि वडिलांचं नाव सांगायचा, तेवढंच लिहिलं जायचं.